पकड वॉरंट निघालंय, हवालदाराला भेटू की वकिलाला?

प्रश्न : माझे पती टेम्पो चालवतात. 2019 मध्ये पतसंस्थेचं कर्ज थकलं, दिलेला चेक वटला नाही आणि संस्थेने सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टात केस केली. दोन तारखांना हे गेले, जामीनही झाला. मग लॉकडाऊन लागला, आम्ही पिंपरीला आलो आणि तारखा सुटल्या. आता गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला, निवडणुकीआधी ठाण्यात वॉरंटची यादी काढलीय, त्यात ह्यांचं नाव आहे. दीर म्हणतात, हवालदाराला काहीतरी देऊन मिटवू. चेकची केस जामीनपात्र असते ना? आणि हे सापडले नाहीत तर मला नेतील का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : ताई, शेवटचं आधी. वॉरंट ह्यांच्या नावाचं आहे, बदली माणूस म्हणून तुम्हाला नेता येत नाही. तेवढी झोप तरी नीट घ्या.

चेक न वटण्याचा गुन्हा, म्हणजे कलम 138, जामीनपात्रच आहे. पण जामीन घेऊन माणूस तारखेला फिरकलाच नाही, तर कोर्ट अजामीनपात्र वॉरंट काढू शकतं. गुन्हा जामीनपात्र आणि वॉरंट अजामीनपात्र! तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात सत्तावीस वर्षं काढली, पण हे कोडं पडलं नाही असा पक्षकार मला क्वचितच भेटला. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे. ह्या माणसाला आणून माझ्यासमोर उभा करा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ते शिळंही होत नाही. जुन्या फौजदारी संहितेचं कलम 70 घ्या नाहीतर 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेचं कलम 72, बजावणी होईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत ते चालू राहतं. निवडणूक आली की किती अजामीनपात्र वॉरंट पडून आहेत याचा हिशेब निवडणूक आयोग मागतो, म्हणून धूळ खाणारे कागद अचानक वर येतात.

आता दिरांचा सल्ला. पैसे देऊन मिळतं काय, तर ‘आरोपी मिळून येत नाही’ असा शेरा. वॉरंट रद्द करायचा अधिकार हवालदाराला नाहीच. उलट असे शेरे साठले की कोर्ट ह्यांना फरारी समजून ‘हजर व्हा’ असा जाहीरनामा काढतं आणि त्यानंतर मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालून टेम्पो गमवायचा.

ह्यांनी स्वतः कोर्टात हजर व्हावं, पकडून आणण्याआधी. केस नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव टाकून सापडतो. गावाकडच्या वकिलाला आधी फोन करून न्यायाधीश साहेब रजेवर नाहीत ना, ते विचारा. मग सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी अकराच्या आत पोहोचा. शुक्रवारी संध्याकाळी पोलिसांनी उचललं, तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेतात खरं, पण तो सुट्टीचा दिवस निघाला, तर तुमची फाइल कपाटात बंद.

अर्जात खरं कारण लिहा. घर बदललं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. भाडेकरार, गॅसचं पुस्तक, जे असेल ते जोडा. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट नको, न्यायाधीशांनी तशी हजार पाहिलेली असतात. जामीनदार सोबतच न्या, त्याचा ताजा सातबारा आणि आधार घेऊन. माझ्या एका पक्षकाराच्या मेहुण्याने चार वर्षांपूर्वीचा उतारा आणला होता. नवा मिळेपर्यंत पाच वाजले आणि तो दिवस मेहुणा-पक्षकार दोघांनी बाकावर काढला. थोडी रोकडही ठेवा. कोर्ट दंड लावेल, जुना जातमुचलका, म्हणजे जामिनाच्या वेळी दिलेली हजर राहण्याची लेखी हमी, जप्त झाला असेल तर ती रक्कमही मागेल. पहिल्यांदाच चुकलेला आणि आपल्या पायाने आलेला माणूस बहुतेकदा संध्याकाळी घरी जातो. बहुतेकदा म्हणते, खात्री कुणीच देऊ शकत नाही. देणारा वकील भेटला तर दुसरा शोधा.

वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा. वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर ह्यांना मोफत वकील मिळू शकतो. आणि तिथेच पतसंस्थेशी तडजोडीचं विचारा, चेकची केस आपसात मिटवता येते. लोकअदालतीत अशा पुष्कळ मिटतात.

वॉरंट रद्द झालं की लगेच घरी पळू नका. आदेशाची नक्कल काढा, एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या आणि एक टेम्पोच्या कागदपत्रांत ठेवा. कोर्टाचं पत्र ठाण्यात पोहोचायला वेळ लागतो, आणि नाकाबंदीवरच्या शिपायाच्या हातात जुनीच यादी असते.