दाबलेला फॉन्ट आणि अरुंद फॉन्ट

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यगटाच्या पोस्टरसाठी मी जुन्या जाहिरातींच्या धाटणीचा एक अरुंद, नक्षीदार रोमन फॉन्ट घेतला. नाटकाचं नाव त्यात झकास दिसतं. म्हणून कलाकारांची नावं, तारीख, वेळही त्यातच टाकली, तर नुसती गिचमीड झाली. मराठी नावासाठी साधा देवनागरी फॉन्ट आडवा ७० टक्क्यांवर आणला, तोही विचित्र दिसतोय. काय करू?

उत्तर : नाटकाचं नाव आहे तसंच ठेवा. बाकी सगळ्या ओळींतून तो फॉन्ट काढून टाका. अक्षराच्या पोटात कोरलेली ती पांढरी रेघ मोठ्या आकारात शोभते. तारखेच्या ओळीत ती शाईने बुजते आणि ३ कुठला, ८ कुठला कळत नाही.

ही अक्षरं हौसेपायी अरुंद झालेली नाहीत. शिशाचे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जड आणि महाग पडत. अमेरिकेत डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये फिरत्या पात्याने लाकडी अक्षरं कोरायला सुरुवात केली, १८३४ मध्ये लेव्हनवर्थ यांनी त्याला पॅन्टोग्राफची जोड दिली आणि एकाच नमुन्यावरून लहानमोठी अक्षरं निघू लागली. पण लाकूड दाबून बारीक होत नाही, कागदही वाढत नाही. मग जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, लांबलचक शब्दाला अरुंद अक्षरं लावायचा, तोकड्या शब्दाला ऐसपैस, आणि ओळ कडेपासून कडेपर्यंत भरायचा. जुन्या पोस्टरवर दर ओळीला वेगळा टाइप दिसतो तो यामुळे. ते जुनेपण हवं असेल तर नक्षीपेक्षा या भरलेल्या ओळींकडे बघा. नाटकाचं नाव दोन-तीन अक्षरांचं असेल तर अरुंद फॉन्टचा हट्ट मला तरी पटत नाही. भोवती मोकळं मैदान उरतं.

आता तुमचं देवनागरी. रुंदी ७० टक्के केली की १० मिलिमीटर जाडीचा काना ७ चा होतो, शिरोरेषा मात्र १० ची १० च राहते. डोक्यावर तुळई आणि खाली काटक्या! जातिवंत अरुंद फॉन्टमध्ये उभ्या रेघांचं वजन राखलेलं असतं, आकसते ती आतली पोकळी. म्हणून मुळातच अरुंद काढलेला देवनागरी फॉन्ट शोधा, आणि घेण्याआधी त्यात ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘र्की’ टाइप करून बघा. निम्मे फॉन्ट तिथेच गळतात. नाहीच मिळाला, तर साधा जाड फॉन्ट न दाबता लहान करा आणि नाव दोन ओळींत तोडा.

कलाकारांच्या नावांना कुठलाही सरळ, बिननक्षीचा फॉन्ट चालेल. रोमन कॅपिटल असतील तर दोन अक्षरांत किंचित हवा सोडा. देवनागरीत ते करू नका, शिरोरेषा तुटते. आणि स्क्रीनवर बघून पास करू नका. खऱ्या मापाची एक प्रिंट भिंतीला लावा आणि नाटकाची वेळ ठाऊक नसलेल्या कुणाला तरी ती लांबून वाचायला सांगा.