कार्यशाळेत जाण्यायेण्याची सोय: नव्या पालकांसाठी

आपली मुलगी विशेष शाळा संपवून आता प्रौढांच्या कार्यशाळेत (दिव्यांग प्रौढांना काम शिकवणाऱ्या व देणाऱ्या केंद्रात) जाणार आहे, तेव्हा प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच जाण्यायेण्याची व्यवस्था ठरवावी, असे मी सुचवेन. कारण शाळेसारखी बस येथे बहुधा नसते आणि कार्यशाळेत जाणे बंद पडते ते पुष्कळदा काम न जमल्यामुळे नव्हे, तर गाडी न मिळाल्यामुळे.

तीन-चार कुटुंबांनी मिळून व्हॅन ठरवल्यास खर्च विभागला जातो, मात्र फिट येणे, औषधे आणि मोठ्या आवाजाची भीती यांविषयी चालकाला लेखी माहिती द्यावी आणि चालक बदलणार असल्यास आदल्या दिवशी कळवण्याची अट घालावी, कारण अनोळखी चेहरा पाहून आपली मुले गाडीत बसायलाच तयार होत नाहीत. सोबत मदतनीस बाई हवीच. येथे काटकसर नको.

मुंबईत लोकलने जाणार असाल, तर दिव्यांगांच्या राखीव डब्यातून प्रवासाचा सराव आधी रविवारी दुपारी करावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेसह (ऑटिझमसह) दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य असल्याने यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज लगेच करावा. एसटीच्या भाडेसवलतीसाठीही ते उपयोगी पडते (प्रवासात मूळ कार्ड जवळ असलेले बरे, झेरॉक्सवरून वाद होतात).