गुडघ्यात धातू आणि वरून करंट?

"मॅडम, आत धातू बसवलाय आणि वरून करंट लावायचा म्हणतात. धातूतून वीज जाते हे शाळकरी पोरालाही कळतं!"

काकूंच्या गुडघ्याची वाटी बदलून तीन आठवडे झाले होते. फिजिओथेरपीला दोनदा दांडी मारली, म्हणून समजूत घालायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर शेरा होता, 'सहकार्य करत नाहीत'. हा शेरा वाचला की मला रागच येतो. बाई प्रश्न विचारतेय आणि उत्तर कुणी देत नाहीये, इतकंच असतं बहुतेक वेळा.

शंका रास्तच होती. शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचं शेकाचं मशीन असतं. २७.१२ मेगाहर्ट्झच्या त्या लहरींनी शरीरातला धातू तापू शकतो, म्हणून अशा गुडघ्याला ते लावत नाहीत. काकूंना मात्र स्नायू उत्तेजित करणारं मशीन लावायचं होतं. त्याचा करंट मिलिअँपिअरमधला, तुटक तुटक ठोक्यांचा, आलटून पालटून दिशा बदलणारा. त्याने आतली वाटी तापत नाही. छातीत पेसमेकर असता तर गोष्ट वेगळी होती. ते आधीच विचारून झालं होतं.

हे सगळं मी समजावलं. काकू मान डोलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कळलं. पण नको."

मग मी माहिती देणं थांबवलं. "करंट म्हटलं की काय दिसतं डोळ्यांपुढे?" काकू जरा वेळ पदर चाळवत बसल्या. लहानपणी धाकटी बहीण ओल्या हातानं बटणाला चिकटली होती. कुणीतरी लाकडी काठीनं तिला सोडवलं. बहीण वाचली, पण तिचा आवाज अजून कानात आहे, म्हणाल्या. यावर मेगाहर्ट्झ सांगून काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत विभागात गेले. मशीन बॅटरीवर चालणारं, भिंतीतल्या बटणाशी संबंध नाही, हे त्यांनी स्वतः मागचं झाकण उघडून बघितलं. आधी पॅड माझ्या हाताला लावले. मुंग्या आल्या, मग माझी करंगळी आपोआप आत वळली. काकू हसल्या. मी म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य पायाच्या दुखण्यावर जिवंत विजेच्या माशावर पाय ठेवायला सांगायचा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर.

"त्या माशापेक्षा हे डबडं बरं," काकू म्हणाल्या.

फिजिओथेरपिस्टने शहाणपण केलं. बोलत न बसता करंट वाढवायचं बटण काकूंच्याच हातात दिलं. शून्यावरून एकेक पायरी. चौथ्या-पाचव्या पायरीला मांडीचा पुढचा स्नायू थरथरला, आणखी थोडं वर गेल्यावर चांगला टणक झाला. "अगंबाई, हा जिवंत आहे!" शस्त्रक्रियेनंतर सुजेमुळे आणि वेदनेमुळे मेंदूचा हुकूम या स्नायूपर्यंत धड पोचत नाही, तो आळशी झालेला नसतो. मशीन वरून त्याच्या नसेलाच हुकूम देतं. मात्र त्याच क्षणी आपणही मांडी आवळायची असते. नुसतं पडून राहून करंट घेतला तर फायदा अर्धाच.

अडचण आली ती पुढे, आणि तिची मला कल्पना नव्हती. भीती गेली आणि काकू मशीनच्या प्रेमात पडल्या. व्यायाम टाळून "आधी पॅड लावा" चालू झालं. वेदना कमी करणाऱ्या टेन्स मशीनबाबतही मी हे पाहते. त्याच्या मुंग्यांनी दुखणं दबतं, म्हणून माणूस समजतो, बरा झालो. तसं होत नसतं.

पुन्हा बसलो. काकूंनीच तोडगा काढला: पाय सरळ ठेवून दहा वेळा उचलायचा, मगच पॅड. पहिल्या दिवशी सहाव्याला पाय खाली आला. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुटपुटत सातव्यांदा उचलला.