पहिला गोल्फ सेट : स्वस्त घ्यावा की नामांकित?

प्रश्न : माझे वय बेचाळीस आहे. गेले चार महिने सराव-मैदानावर तिथलेच क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, वापरून मी गोल्फ शिकत आहे आणि आता स्वतःचा सेट घ्यायचा विचार आहे. एकाच खोक्यात बॅगेसकट सगळे क्लब मिळणारा एक स्वस्त सेट पाहून ठेवला आहे. तेवढ्याच पैशांत नामांकित कंपनीचा जेमतेम एक ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, येतो. बरोबरचे खेळाडू मात्र बजावतात की स्वस्त घेतलेस तर वर्षभरात पुन्हा खरेदी करावी लागेल. असा सेट घेणे म्हणजे खरोखरच पैसे वाया घालवणे आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या टप्प्यावर तो घेणे शहाणपणाचे आहे. मात्र त्या क्लबची लांबी तुमच्या शरीराला बसली पाहिजे आणि सेटमधल्या कच्च्या जागा कोणत्या, हे घेतानाच तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

आधी हे स्वस्त सेट इतके बरे कसे झाले, ते सांगतो. जुन्या पद्धतीच्या आयर्नचे, म्हणजे मधल्या अंतरांसाठीच्या क्लबचे, डोके म्हणजे पोलादाचे घडीव पाते असे आणि त्याच्या नेमक्या मध्यावर चेंडू लागला तरच फटका साधे. जरा टोकाकडे लागला की हाताला झिणझिण्या येत आणि चेंडू निम्म्या वाटेत पडे. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने 1959 मध्ये घरच्या घरी एक पटर (चेंडू खड्ड्यात ढकलायचा क्लब) बनवताना वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना नेले आणि पुढे तीच कल्पना आयर्नमध्ये आणली. पाठ पोखरलेली, वजन कडेने पसरलेले असे डोके चुकीच्या जागी चेंडू लागला तरी हातात कमी वळते. मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा घडवून, मेण वितळवून, त्या पोकळीत पोलाद ओतण्याच्या पद्धतीने अशी डोकी मोठ्या संख्येने आणि कमी खर्चात तयार होऊ लागली. आज बाजारातल्या अगदी साध्या सेटमधले आयर्नही याच घडणीचे असतात. म्हणजे नवशिक्याला ज्या गुणाची सर्वांत जास्त गरज आहे, तो गुण आता स्वस्त झालेला आहे, आणि आयर्नपुरते बोलायचे तर जास्तीच्या किमतीत तुम्ही मुख्यतः हाताला जाणवणारा मऊपणा, डोक्याचा नेमका आकार आणि शाफ्टची, म्हणजे दांड्याची, निवड विकत घेता.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे फरक खराच आहे, हे मान्य केले पाहिजे. नियमांप्रमाणे ड्रायव्हरचे डोके 460 घन सेंटिमीटरपर्यंत मोठे असू शकते, पण त्याचे वजन साधारण 200 ग्रॅमच्या आसपासच ठेवावे लागते. टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडीच अधिक असल्यामुळे महागड्या डोक्याच्या भिंती पातळ करून वाचलेले वजन खाली, मागे, कडेला नेता येते. वरचा भाग कार्बन तंतूंचा केला तर आणखी वजन वाचते. स्वस्त ड्रायव्हरच्या डोक्यात इकडून तिकडे हलवायला असे वजन फारसे उरत नाही, म्हणून टोकाला लागलेला चेंडू त्यात अधिक भरकटतो. बरे, त्याचा शाफ्टही एकाच कडकपणाचा असतो. सावकाश स्विंग करणाऱ्यालाही तोच आणि जोरकस मारणाऱ्यालाही तोच.

असे असूनही मी तुम्हाला आत्ता महाग ड्रायव्हर घ्या म्हणणार नाही. कारण समजण्यासाठी एक साधा प्रयोग करा. 7 नंबरच्या आयर्नच्या तोंडावर पायाला लावायच्या पावडरचा पातळ थर मारा, दहा चेंडू मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर पांढऱ्या थरात उमटलेला काळसर ठिपका पाहा. चार महिने शिकलेल्या बहुतेकांचे ठिपके क्लबच्या टाचेपासून, म्हणजे शाफ्टजवळच्या कडेपासून, टोकापर्यंत पसरलेले असतात, एकदोन तर अगदी खालच्या कडेवर. क्लबच्या दर्जातला फरक काही मीटरचा असतो; ठिपक्यांच्या या पसाऱ्यातून निर्माण होणारा फरक त्याच्या कितीतरी पट असतो, आणि तो कमी होतो प्रशिक्षकाच्या दहाबारा तासांनी. तेव्हा दोन सेटच्या किमतीतली तफावत जर तुमच्या खिशात खरोखरच असेल, तर ती शिकवणीवर खर्च करा. ठिपके एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोळा होऊ लागले की मग क्लबमधला फरक तुमच्या गुणपत्रिकेवर दिसू लागेल.

आता अट लांबीची. खोक्यातला सेट मध्यम उंचीचा माणूस गृहीत धरून बनवलेला असतो. पायात बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. उंची आणि हे अंतर मिळून क्लबची लांबी ठरते, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब नसतात. क्लब लांब पडला तर चेंडूपाशी त्याचे टोक वर उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे ओढला जातो. आखूड पडला तर उलट. गंमत अशी की खेळाडू हा दोष स्वतःच्या स्विंगचा समजून तो दुरुस्त करायला जातो आणि एक चूक झाकण्यासाठी दुसरी शिकून बसतो. न बसणाऱ्या सेटची ही खरी किंमत आहे, आणि महाग सेटही न मापता घेतला तर ती तितकीच मोजावी लागते. सेटची लांबी दुकानात बदलून मिळत नसेल, तर दुसरा सेट पाहा.

कच्ची जागा सहसा वेजमध्ये, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायच्या क्लबमध्ये, सापडते. पूर्वी 7 नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, 35 अंशांच्या आसपास असे; आता चेंडू लांब गेल्याचे समाधान मिळावे म्हणून अनेक सेटमध्ये तो 30 अंशांवर किंवा त्याखाली आणला आहे. आकडा तोच, क्लब वेगळा. पिचिंग वेजही त्याच ओघात 44 अंशांपर्यंत आला, पण सँड वेज मात्र 55-56 अंशांवरच राहिला. दोन शेजारच्या आयर्नमध्ये साधारण चार अंशांचे अंतर असते आणि इथे एकदम अकरा-बारा अंशांची दरी पडते. खड्ड्याभोवतालच्या हिरवळीच्या जवळ येऊन, ज्या अंतरासाठी पूर्ण फटका मारायला हातात क्लबच नाही, अशी अडचण त्यातून उभी राहते. खोक्यावर लॉफ्टचे आकडे छापलेले नसतील तर विचारून घ्या आणि दरी असल्यास 50 अंशांचा एक सुटा वेज पुढेमागे घ्यायचा, असे मनात धरून ठेवा. चौदा क्लब बॅगेत ठेवायची मुभा नियमाने दिली आहे, सक्ती नव्हे. चिक इव्हान्स यांनी 1916 ची यूएस ओपन स्पर्धा सात क्लब घेऊन जिंकली होती, आणि स्पेनचे नामवंत गोल्फपटू सेव्हे बालेस्टेरोस समुद्रकिनाऱ्यावर एका 3 नंबरच्या आयर्ननेच सगळे फटके शिकले. तेव्हा सेटमध्ये दहाच क्लब आहेत म्हणून तो कमी प्रतीचा, असे मुळीच समजू नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेला स्वस्त सेट वापरत आहे. हँडिकॅप (कौशल्याचे माप; आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला) 24 आहे. टप्प्याटप्प्याने चांगले क्लब घ्यायचे ठरवले आहे आणि सुरुवात नव्या ड्रायव्हरने करावी असे वाटते, कारण नवे ड्रायव्हर वीस-तीस मीटर अधिक देतात असे सगळीकडे वाचतो. क्रम बरोबर आहे का?

उत्तर : क्रम उलटा करावा, असे मला मनापासून वाटते. ड्रायव्हरच्या तोंडाने चेंडू किती उसळवावा, यावर नियमांनी मर्यादा घातलेली आहे आणि चांगल्या कंपन्यांचे ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून त्या मर्यादेला जाऊन टेकलेले आहेत. त्यामुळे मध्यावर लागलेल्या चेंडूच्या बाबतीत दरवर्षीचा नवा ड्रायव्हर मागच्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही. तुमचा स्वस्त ड्रायव्हर बदलल्याने फायदा होईल, पण तो मुख्यतः योग्य लॉफ्ट आणि योग्य शाफ्ट मिळाल्यामुळे होईल. सेटमधला ड्रायव्हर 10.5 अंशांचा असेल आणि तुमचा स्विंग सावकाश असेल, तर 12 अंशांचा जुना ड्रायव्हरही नव्याच्या बरोबरीने धावेल.

शिवाय हिशेब पाहा. अठरा खड्ड्यांच्या नेहमीच्या मैदानावर ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बाहेर निघतो, आणि 72 च्या पारमध्ये, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या अपेक्षित फटक्यांत, 36 फटके पटरचे धरलेले असतात. खोक्यातला पटर ही सेटमधली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असते. त्याची लांबी बहुधा 34-35 इंच असते. तुम्ही पवित्रा घेतल्यावर तुमचे डोळे चेंडूच्या वर येतात का, की फार पलीकडे किंवा अलीकडे पडतात, हे डोळ्यापाशी एक चेंडू धरून खाली सोडून पाहता येते. लांबी चुकत असेल तर पटर आधी बदला.

त्याच्याही आधी ग्रिप पाहा. दोन वर्षे वापरलेली रबरी ग्रिप घाम आणि धुळीने चकचकीत होते, मग खेळाडू नकळत मुठी आवळतो, मनगटे आखडतात आणि तोच क्लब निकामी वाटू लागतो. सगळ्या ग्रिप बदलून घेण्याचा खर्च नव्या ड्रायव्हरच्या मानाने अगदी किरकोळ आहे. ग्रिप, पटर, वर सांगितलेला मधला वेज, आणि त्यानंतर ड्रायव्हर, असा क्रम मी सुचवीन. आयर्न सर्वांत शेवटी.

प्रश्न : नवा स्वस्त सेट घेण्यापेक्षा नामांकित कंपनीचे वापरलेले क्लब घेणे चांगले नाही का? फसगत टाळण्यासाठी काय पाहावे?

उत्तर : लांबी जुळत असेल, तर मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत किफायतशीर वाटतो. ओतीव आयर्न दहा वर्षांनीही जवळपास तसेच राहतात. ड्रायव्हरची तीन-चार वर्षांपूर्वीची पिढी बिनधास्त घ्यावी. पटरला तर वयच नसते. 1966 मध्ये आलेल्या, सोल्हाइम यांच्याच अ‍ॅन्सर पटरचा आकार आजही निम्मे कारखाने गिरवत आहेत. वेज मात्र वापरलेला घेऊ नका, कारण त्याच्या तोंडावरच्या खाचा वाळूने झिजतात आणि चेंडूला हवी ती उलटी फिरकी मिळत नाही.

घेताना डोके आणि शाफ्ट जिथे जुळतात ती जागा नीट पाहा. तिथे प्लॅस्टिकची एक लहान काळी बांगडी असते, तिला फेरूल म्हणतात. ती वर सरकून खाली बारीकशी फट दिसत असेल, तर आतला गोंद सैल झाल्याची शंका घ्या. माझ्या एका जुन्या 7 नंबरच्या आयर्नची ती फट मी आठवडाभर पाहत होतो आणि काही होत नाही म्हणून खेळत राहिलो. एके सकाळी डोके निखळून चेंडूच्याही पुढे जाऊन पडले. समोर कुणी नव्हते, हे नशीब. पोलादी शाफ्टवर त्याच जोडाजवळ गंज आहे का आणि ग्राफाइट शाफ्टवर आडवा चरा आहे का, तेही पाहा. ड्रायव्हर कानापाशी हलवा. आत काही खुळखुळले किंवा तोंडाच्या वरच्या कडेला केसाएवढी भेग दिसली तर तो परत ठेवा.

नकली मालापासून विशेष जपा. नवाकोरा, प्लॅस्टिकच्या वेष्टनातला, चालू हंगामातला नामांकित सेट कुणी फार कमी किमतीत देऊ करत असेल, तर तो बहुधा खरा नसतो. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. टायटॅनियमचा म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरला, वजनाचे स्क्रू सोडून इतरत्र, चुंबक घट्ट बसला तर ते डोके पोलादाचे आहे. प्रामाणिक स्वस्त सेट नकली महाग सेटपेक्षा दहापट बरा, कारण त्याच्या मागे निदान बनवणाऱ्याचे नाव आणि हमी असते. स्पर्धेत खेळायचे असेल तर आपल्या ड्रायव्हरचे डोके आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य यादीत आहे का, हेही तपासून घ्या.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी खेळू लागली आहे. माझेच जुने चांगले क्लब कापून तिला दिले तर चालतील का?

उत्तर : कृपया तसे करू नका. कापल्याने क्लब आखूड होतो, पण डोके तेवढेच जड राहते आणि शाफ्ट आणखी कडक होतो. मुलगी तो हातांनी फिरवण्याऐवजी सगळे अंग झोकून उचलू लागते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. लहान मुलांसाठी हलक्या डोक्याचे आणि लवचीक शाफ्टचे सेट वेगळे मिळतात. त्यातला साधासा, पाच-सहा क्लबचा घ्या. ती वाढेल तसा तो दर दोन-अडीच वर्षांनी बदलावा लागणारच आहे, तेव्हा इथे महाग सेटचा विचारही करू नका. लांबी मात्र दर सहा महिन्यांनी तिला उभी करून पडताळत जा.