पिशाच्च खोटं, यान खोटं, मग पात्रंच खरी कशाला?

तुम्ही विचारलंय, की विज्ञानकथेत आणि व्हॅम्पायरच्या गोष्टीत सगळंच काल्पनिक, मग पात्रं तेवढी खरी वाटायला हवीत हा हट्ट कशाला? मीही असंच म्हणायचो. माझं हे खूळ आत्यानं उतरवलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा लिहिली होती. नायक कालयंत्रातून १२ जुलै १९६१ च्या सकाळी पुण्यात उतरतो, पानशेतचं धरण फुटतंय हे लोकांना सांगायला. यंत्राच्या वर्णनावर दीड पान खर्च केलं होतं. उतरल्या उतरल्या साहेब लकडी पुलावर उभे राहून भाषण ठोकतात. आत्या त्या पुराच्या वेळी नऊ वर्षांची, नारायण पेठेत राहणारी. तिनं वाचलं, चष्मा काढला.

"याचं घर कुठे रे?"

"नारायण पेठेतच."

"मग पुलावर काय करतोय मेला? आधी घरी धावेल ना!"

कालयंत्राबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. ते तिनं केव्हाच मान्य केलं होतं. वाचक एवढी एक थाप आनंदानं पचवतो. पण घर बुडणार हे माहीत असून माणूस भाषण देत बसतो, ही थाप त्याला पचत नाही, कारण तिथं तो स्वतः जाणकार असतो. कृष्णविवरात कोण जाऊन आलंय? घाबरलेला माणूस मात्र सगळ्यांनी पाहिलाय. (चार पानी कथा कधी कधी नुसत्या कल्पनेवर तरून जाते, हे कबूल. कादंबरी सहसा नाही तरत.)

व्हॅम्पायरच्या गोष्टीत तर हे फारच जाणवतं. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'मध्ये तरुण वकील हार्कर काउंट ड्रॅक्युलाच्या, म्हणजे त्या व्हॅम्पायरच्याच, वाड्याकडे निघालाय. वाटेत लाल मिरची घातलेली कोंबडी खातो आणि डायरीत टिपून ठेवतो, की मिनासाठी, म्हणजे आपल्या होणाऱ्या बायकोसाठी, हिची कृती मिळवायला हवी. बस्स, तिथंच आपण त्याचे होतो. पुढे वाड्यात त्याला काउंट स्वतःच अंथरूण घालताना दिसतो. नंतर दाराच्या फटीतून पाहतो तर जेवणाचं टेबलही तोच मांडतोय. म्हणजे घरात नोकरच नाहीत. म्हणजे रात्री गाडी हाकत आपल्याला इथवर आणलं, तोही हाच! मला त्याच्या सुळ्यांपेक्षा त्या चादरीची जास्त भीती वाटते. आणि थोडी दयाही येते. एवढा खानदानी सरदार, आणि पाहुण्याच्या नजरेआड घरकाम उरकतोय.

कथा मी पुन्हा लिहिली. आता नायक घरी धावतो. दारात आजोबा, त्याच्याच वयाचे, अर्थातच ओळखत नाहीत. पटवायला त्याच्याकडे एकच गोष्ट असते: आजीनं माळ्यावरच्या पितळी डब्यात लपवलेले पैसे. ते ऐकून आजोबा त्याला चोर समजून हाकलतात.

आत्यानं वाचलं. "आता ठीक आहे," म्हणाली. "पण हाकलायच्या आधी बाबांनी पाणी विचारलं असतं."