चाळीतली भिंत आणि पेशीतलं चाक

गिरगाव, मुंबई

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न दोन दिवस मनात घोळतोय. एटीपी हे पेशीचं इंधन तयार करणाऱ्या, चाकासारख्या फिरणाऱ्या एटीपी सिंथेज या प्रथिनामधला एक भाग काढला की सगळं बंद पडतं, मग ते टप्प्याटप्प्यानं घडलंच कसं? हा प्रश्न सोडू नकोस. त्यानं तुझी झोप उडवली, याचा मला मनापासून आनंद आहे.

ते फिरणं नुसतं चित्रातलं नाही. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या मधल्या दांड्याला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा चमकता धागा चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगरताना पाहिला. तिथे ते उलटं, म्हणजे एटीपी खर्चून फिरत होतं: एक रेणू खर्ची पडला, की एक तृतीयांश फेरा.

पण आज जे काढता येत नाही, ते पहिल्या दिवसापासून लागतच होतं असं थोडंच आहे? आमच्या चाळीच्या खोलीत वडिलांनी निव्वळ आडोशासाठी विटांची भिंत घातली होती. पुढे वरची तुळई वाकून तिच्यावर टेकली. दुरुस्तीच्या वेळी गवंडी म्हणाला, हिला हात लावू नका, माळा खाली येईल.

यीस्ट या एकपेशीय बुरशीमध्ये असंच घडलेलं सापडलंय. एटीपी सिंथेजच्या नात्यातलाच एक पंप पेशीतल्या पोकळीत प्रोटॉन भरतो. त्याचं कडं इतर बहुतेक सजीवांत दोन प्रकारच्या प्रथिनांचं, बुरशींमध्ये मात्र तीन प्रकारांचं. आणि तिन्ही लागतातच. 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आजच्या जनुकक्रमांवरून पूर्वज प्रथिनं पुन्हा घडवून यीस्टमध्ये घातली. त्यातलं एकच जुनं प्रथिन आजच्या दोघांचं काम करत होतं! जनुकाची दुसरी प्रत झाली, मग प्रत्येक प्रतीनं शेजाऱ्याला धरायची एकेक जागा गमावली. कोणी नवं कौशल्य मिळवलं नाही. गमावल्यामुळेच दोघं अपरिहार्य झाले. मला हे आजही थक्क करतं.

म्हणून "हे आपोआप होईल का?" असं विचारत बसू नकोस. "याचे नातेवाईक कोण?" असं विचार, त्याचा माग काढता येतो. खुद्द एटीपी सिंथेजचा सगळा प्रवास अजून उलगडलेला नाही, तेही मनात असू दे. तिथे तुझ्यासाठी काम आहे. "यंत्र" हा शब्दही जपून वापर. यंत्राचे सुटे भाग कारखान्यातून येतात, इथे ते पेशीतच जन्मतात आणि त्यांना वंशावळ असते.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन ये. सिंथेजच्या बीटा घटकाचा आणि जीवाणूच्या कशाभिकेतल्या (पोहायच्या शेपटीतल्या) फ्लाय-आय (FliI) प्रथिनाचा अमिनो आम्लक्रम उतरवून ठेव, दोन्ही फुकट मिळतात. शेजारी मांडून, नात्याची खूण म्हणून, शास्त्रज्ञ जॉन वॉकर यांच्या नावानं ओळखला जाणारा तुकडा दोन्हींत शोधू. मी बोट दाखवणार नाही, तूच शोधायचास.

तुझ्या मॅडम