ट्रिकल, ड्रिबल, ड्रिप : तिन्हींना 'ठिबकणे' चालेल का?

प्रश्न असा आला आहे: एका इंग्रजी कथेत पाणी जायच्या वेळेला नळ आधी 'ट्रिकल' होतो, मग 'ड्रिबल' आणि शेवटी 'ड्रिप'. शब्दकोशात मात्र तिन्हींपुढे ठिबकणे, पाझरणे, झिरपणे हेच शब्द आलटूनपालटून दिलेले. अनुवादात फरक दाखवायचा कसा? आणि 'ऊझ', 'सीप', 'वीप' यांचं काय?

तिन्हींना ठिबकणे चालणार नाही. त्या तीन पायऱ्या आहेत आणि कथेतला नळ त्या एकेक करून उतरतोय.

हे शब्द एकत्र बघायचे तर श्रीखंडासाठी दही टांगून बघा. एक लिटर दही फडक्यात बांधून वर अडकवलं की पहिली काही मिनिटं गाठोड्याच्या टोकातून पाण्याची बारीक, पण न तुटणारी धार लागते. हे ट्रिकल. थोड्या वेळाने धार तुटते आणि सुटे थेंब पडायला लागतात, आधी भराभर, मग थांबून थांबून. हे ड्रिप. फडक्याची बाहेरची बाजू मात्र पहिल्यापासून सगळीकडून ओली असते. पाणी एका भोकातून न येता विणीतून येतं. ते सीप. आता घाई करून गाठोडं पिळलंत, तर पाण्याऐवजी दहीच विणीतून जाडसर, चिकट असं बाहेर येतं. ते ऊझ (आणि चक्का कमी भरतो तो इथेच). खालच्या भांड्यातलं पाणी हळूहळू दुसरीकडे ओतायला गेलात, तर ते पुढे न पडता भांड्याच्या ओठाखालून वळून बाहेरच्या अंगाने ओघळतं आणि ओट्यावर सांडतं. ते ड्रिबल. जोरात ओतलं तर असं होत नाही. वेग कमी असला की पाणी कडेला चिकटतं. चहाच्या किटलीचं हेच दुखणं. शेवटी तयार श्रीखंड दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलं आणि कडेने पाणी दिसलं, तर इंग्रजी स्वयंपाकी म्हणेल ते 'वीप' झालं, म्हणजे रडलं. आपण म्हणतो, पाणी सुटलं.

म्हणजे इंग्रजी हे शब्द निवडताना साधारण दोन गोष्टी बघते. धार अखंड आहे की तुटक? आणि पाणी एखाद्या तोंडातून येतंय की वस्तूच्या अंगातून? ट्रिकल, ड्रिबल, ड्रिप हे पहिल्या प्रश्नाचे शब्द, सीप, ऊझ, वीप हे दुसऱ्या. दाटपणा फक्त ऊझला लागतो. पाणी क्वचितच ऊझ होतं. चिखल, पू, डिंक, फणसाचा चीक होतो.

ड्रिबलची व्युत्पत्ती उपयोगी आहे. 'ड्रिप'चंच एक जुनं रूप 'ड्रिब', त्याला पुन्हापुन्हा होणं दाखवणारा 'ल' लागून ड्रिबल झालं. स्पार्कवरून स्पार्कल, क्रॅकवरून क्रॅकल, तसंच. थोडंथोडं, परत परत, हा अर्थ त्यात मुरलेला आहे. म्हणून फुटबॉलपटू चेंडू छोट्या छोट्या टोल्यांनी पुढे नेतो तेही ड्रिबल आणि बाळाची लाळ गळते तेही ड्रिबल. मराठीला असा प्रत्यय लागत नाही, ती शब्दच दोनदा म्हणते: टपटप, रिपरिप, झिरझिर.

ड्रिपचा थेंब किती मोठा, याला ठरलेलं माप आहे ते दवाखान्यात. सलाईनच्या नेहमीच्या संचातून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, लहान मुलांसाठीच्या सूक्ष्म संचातून ६०. अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत द्यायची तर नेहमीच्या संचावर मिनिटाला साधारण ४२ थेंब. याच मापाने नळातून सेकंदाला एक थेंब पडत राहिला, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जातं. शेतातलं ठिबक मात्र नावाइतकं थेंबाथेंबाने चालत नाही. तासाला चार लिटरचा ड्रिपर सेकंदाला एक मिलिलिटरहून थोडं जास्त सोडतो, म्हणजे सलाईनच्या थेंबाने मोजले तर वीसबावीस थेंब. ते डोळ्याने मोजून दाखवा! इंग्रजी पुस्तकांत या पद्धतीला ड्रिप आणि ट्रिकल इरिगेशन अशी दोन्ही नावं सापडतात ती उगाच नव्हेत. मराठीने 'ठिबक' घेतलं आणि त्याचं सरळ नाम करून टाकलं: 'उसाला ठिबक केलंय'.

मराठीचा कल थोडा वेगळा आहे. पाणी कुठे जातंय, कशावरून जातंय, हे ती जास्त बघते. ओघळायला पृष्ठभाग लागतो: गाल, भिंत, बरणी. ठिबकायला खाली मोकळी जागा लागते. निथळायला आधी भिजावं लागतं. पागोळ्या तर पावसात छपराच्या कडेवरूनच गळणार. इंग्रजीचं एकटं 'सीप' आपण बहुतेक वेळा दिशेनुसार वाटून घेतो: आत जातं ते झिरपतं किंवा मुरतं, बाहेर येतं ते पाझरतं. 'पर्कोलेशन टँक'चं मराठी नाव बघा. इंग्रजी नावात पाणी जमिनीत उतरण्याची क्रिया आहे, तर आपल्या 'पाझर तलावा'त ते खालच्या बाजूच्या विहिरींना परत दिसण्याची. तलाव बांधला तो त्या विहिरींसाठीच, त्यामुळे मला मराठी नाव जास्त नेमकं वाटतं.

उलट 'ट्रिकल डाउन'ला मराठी वृत्तपत्रांनी 'झिरपणे' दिलं: विकासाची फळं तळापर्यंत झिरपतात की नाही वगैरे. हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी ज्या शैक्षणिक धोरणावर टीका केली, त्या 'डाउनवर्ड फिल्ट्रेशन'लाही (वरच्या वर्गांना शिकवलं की शिक्षण आपोआप खालपर्यंत पोचेल, या कल्पनेला) आपण झिरपणेच म्हणतो. ट्रिकल ही दिसणारी धार, फिल्ट्रेशन म्हणजे गाळणं, आणि दोन्हींना शब्द एकच. काटेकोर बघितलं तर चूक आहे, पण रुळलंय. आता हात लावू नये.

'वीप' हा इंजिनिअरांचाही शब्द. सांध्यावर ओल येते, थेंब धरतो, पण पडत नाही, इतक्या बारीक गळतीला ते वीप म्हणतात. घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतीत ओळीने पाइपांची तोंडं दिसतात ती 'वीप होल'. भिंतीमागे मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून ठेवलेली. मागे दगडगोट्यांचा थर नीट घातला नसेल तर माती येऊन ती बुजतात, पाण्याचा दाब साचतो आणि भिंत पोट काढते. साइटवर सगळे वीप होलच म्हणतात. अनुवादातही तेच ठेवा.

खरे खड्डे लाक्षणिक अर्थाचे आहेत. 'ऊझिंग कॉन्फिडन्स'चं 'आत्मविश्वास पाझरत होता' केलेलं वाचलंय. मराठीत पाझर मायेला फुटतो, दगडाला फुटतो, आत्मविश्वास ओसंडतो. बातमी 'लीक' होते तेव्हा ती फुटते, गळत नाही, पेपरही फुटतोच. सभागृहात लोक 'ट्रिकल इन' होतात तेव्हा ते एकदोन, एकदोन करत येतात. आणि पाककृतीतलं 'ड्रिझल' म्हणजे भुरभुरणं नव्हे. भुरभुरायची ती कोथिंबीर किंवा पिठीसाखर. तेलाची, मधाची बारीक धार सोडायची, वरणावर तूप सोडतो तशी.

आता मूळ वाक्य. मी असं करीन: 'नळाची धार करंगळीएवढी झाली, मग तुटत तुटत तोटीवरूनच ओघळायला लागली, आणि शेवटी नुसतं टप... टप.' 'ठिबकणे' वापरायचंच असेल तर ते तिसऱ्या जागी बसेल, पहिल्या दोन जागी नाही.